सोलापुरात फोटो काढायला निघताना: आधी कागद, मग कॅमेरा

बॅटऱ्या, कार्ड, पाणी, टोपी. हे सांगावं लागत असेल तर घरीच बसा. ही यादी त्यापुढची आहे आणि त्यातली पहिली वस्तू बॅगेत सगळ्यात वर ठेवायची: परवानगीचा कागद. तोंडी होकार धरू नका. फोनवर 'या की, काय अडचण नाही' म्हणणारे साहेब नेमके त्या दिवशी रजेवर असतात, नाहीतर मीटिंगमध्ये. मागच्या खेपेला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका यंत्रमाग कारखान्याच्या गेटवर मला विचारलं, "ओ भाऊ, कुणाला इचारून फोटो काढायलाव?" आणि दाखवायला हातात काही नव्हतं. खिडक्यांतून मागांवर पडणारा सकाळचा तिरपा उजेड हवा होता. साहेबांचा फोन लागला तेव्हा ऊन पार पत्र्यावर चढलं होतं. गेटवरच्या माणसाची काही चूक नाही, त्याला नोकरी करायची आहे.

कागद म्हणजे नुसती 'परवानगी आहे' अशी ओळ नव्हे. तारीख, कितीपासून कितीपर्यंत, कोणता भाग, तुमच्यासोबत कोण येणार, ट्रायपॉड आणि लाइट आहेत का, फोटो कशासाठी वापरणार, सही, शिक्का आणि सही करणाऱ्याशिवाय आणखी एकाचा मोबाइल नंबर. हा दुसरा नंबर लोक विसरतात. दोन झेरॉक्स ठेवा, एक गेटवर द्यायची, एक तुमच्यापाशी. मोबाइलमधला फोटो दाखवून भागत नाही, कारण गेटवरच्या रजिस्टरला मोबाइल टाचता येत नाही. कारखान्यात आणखी एक गोष्ट त्याच कागदावर आणा: मागावर चढलेलं डिझाइन फोटोत चालेल की नाही. चादरीचं नवं जॅकार्ड (विणीतच नक्षी उठणारं) डिझाइन बाजारात यायच्या आधी बाहेर गेलं तर मालकाचा हंगाम जातो, तो चिडणारच.

आता रस्त्याचं. नवी पेठेत, सात रस्त्याला, चार हुतात्मा चौकात उभं राहून फोटो काढायला कुणाची परवानगी लागत नाही, तशी सरसकट बंदी घालणारा कायदाच आपल्याकडे नाही. पुतळे आणि इमारती यांचंही तेच. प्रताधिकार कायदा १९५७ चं कलम ५२ सार्वजनिक जागी कायमच्या उभ्या असलेल्या शिल्पाचे आणि वास्तूचे फोटो काढायला, छापायला मोकळीक देतं. महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीचा दर्शनी भाग बिनधास्त काढा. भिंतीवर रंगवलेल्या चित्राला मात्र ही सवलत नाही. नुसतं चित्रच कॅलेंडरवर छापायचं असेल तर चित्रकाराला विचारा, लेखी. खासगी आवारातून सुरक्षारक्षक तुम्हाला बाहेर जायला सांगू शकतो, पण कॅमेरा हिसकावणं किंवा फोटो डिलीट करायला लावणं हा त्याचा अधिकार नाही. पोलिसांनी कॅमेरा घेतलाच तर जप्तीची लेखी नोंद मागा, आवाज न चढवता. पोलीस ठाणं शासकीय गुपिते कायद्यातलं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटलं आहे. म्हणून तिथे मुद्दाम कॅमेरा रोखून धरावा असं नाही. लष्करी जागा आणि संरक्षणाशी संबंधित आस्थापनं यांच्याकडे मात्र लेन्ससुद्धा वळवू नका, तिथे हा १९२३ चा कायदा खराच लागतो.

माणसांचे फोटो हा वेगळा मामला आहे आणि इथे घाई करणाऱ्यांचा मला राग येतो. शहराच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागात दारात बसून विड्या वळणाऱ्या बायका गल्लीतून दिसतात, म्हणून ती गल्ली स्टुडिओ होत नाही. आधी खाली बसा, बोला. तेलुगूत 'फोटो तीयोच्चा?' (फोटो काढू का?) एवढं आलं तरी चेहरा बदलतो. मांडीवरचं सूप, कात्रीने पानं कापताना होणारी बोटांची हालचाल, हे सगळं नंतर मिळतं. मान हलली नाही तर उठा. आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात चंद्रभागेवर आंघोळ करणाऱ्या बायकांवर टेलिलेन्स लावणारे दरवर्षी दिसतात. खासगी अवयवांचे फोटो संमतीशिवाय काढण्याबद्दलचं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई उघड्या जागेलाही लागू होतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ त्याहून कडक आहे: खासगी क्षणांच्या चित्रीकरणाला बाईने संमती दिली आणि पसरवायला दिली नाही, तरी पसरवणं गुन्हा. चेहरा जाहिरातीत किंवा पॅकेटवर जाणार असेल तर सही घ्या. कागदावर. पुन्हा सांगतो, कागदावर. लहान मुलं असतील तर आईबापाची सही, आणि बालगृहातल्या किंवा पोलीस प्रकरणातल्या मुलाचा चेहरा छापायचाच नाही, बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे.

भुईकोट किल्ला पुरातत्त्व खात्याचा. २०१८ पासून अजिंठा, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातली समाधी सोडून खात्याच्या बाकी स्मारकांत साधा फोटो काढता येतो. ट्रायपॉड उघडलात की परवानगी, म्हणजे पुन्हा कागद, आणि तो किल्ल्याच्या दारात मिळत नाही, आधी अर्ज करावा लागतो. वेडिंग शूटवाल्यांनो, हे तुम्हालाच.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत काय काय चालेल ते दरवर्षी पोलीस बंदोबस्त ठरवतो. अक्षता सोहळ्याला (सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाला) संमती कट्ट्याजवळची जागा पासशिवाय मिळेल या भरवशावर जाऊ नका. नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, येतात तेव्हा बाराबंदी घालून त्या पेलणाऱ्यांच्या वाटेत उभं राहू नका, तो भार पेलणाऱ्याला तुमच्या फ्रेमसाठी थांबता येत नाही. होमाच्या वेळी फ्लॅश बंद. गाभाऱ्यात कॅमेरा विचारल्याशिवाय नको, आणि विचारायचं पुजाऱ्यांना, शेजारच्या भाविकाला नव्हे.

ड्रोन. होटगी रोडचं विमानतळ शहराला लागून आहे, त्यामुळे शहराचा बराच भाग बंधनाच्या क्षेत्रात येतो. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा बघा, लाल दिसला तर विषय संपला. शिवाय यात्रेत, सभेला पोलीस आयुक्तांचे मनाई आदेश वेगळे निघतात. लग्नाच्या वरातीत ड्रोन उडवून देतो म्हणणाऱ्याला 'परवानगी दाखव' म्हणा.

नान्नजला माळढोक अभयारण्यात वनखात्याची परवानगी. काळवीट दिसेल, लांडगा नशिबात असला तर. घरट्याजवळ जायचं नाही.

स्टेशनवर व्यावसायिक शूटला रेल्वेची लेखी परवानगी, रुळांवर उतरलात तर रेल्वे कायद्याचं कलम १४७, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

घरी आल्यावर: बॅकअप. पैसे घेऊन कुणासाठी फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल तर प्रताधिकार काम देणाऱ्याचा, तुमचा नाही, त्यामुळे 'पोर्टफोलिओत वापरेन' हे आधीच लिहून घ्या. गेटवर दिलेल्या कागदाची दुसरी प्रत फाइलला लावा, पुढच्या वेळी त्याच कारखान्यात अर्ज करताना ती जोडली की सही लवकर होते.