थर्ड ग्रुपमधे भलताच प्रेसिपिटेट येतोय? या चुका टाळा

इंदूरला बारावीचे प्रॅक्टिकल जवळ आले की सॉल्ट अ‍ॅनालिसिसमधे (दिलेल्या सॉल्टमधे कोणते आयन आहेत ते ओळखणं) एक घोळ हमखास होतो. थर्ड ग्रुपच्या टेस्टला, म्हणजे अमोनियम क्लोराईड आणि मग अमोनिया टाकून अ‍ॅल्युमिनियम, फेरिक ओळखताना, ट्यूबमधे पांढरा जेलीसारखा प्रेसिपिटेट (खाली बसणारा साका) दिसला की मुलं अ‍ॅल्युमिनियम लिहून मोकळी होतात आणि सॉल्टमधे असतं मॅग्नेशियम. बहुतेक वेळा कारण एकच, अमोनियम क्लोराईड टाकलंच नाही नाहीतर चिमूटभर टाकलं.

अमोनिया वीक बेस, त्यात अमोनियम आयन वरून आला की ओएच (हायड्रॉक्साईड आयन) दाबला जातो, हाच कॉमन आयन इफेक्ट. पण किती दाबला जातो ते बघा ना. मॅग्नेशियम ०.१ मोलर, अमोनियाही ०.१ मोलर धरा. अमोनियम क्लोराईड नसेल तर आयोनिक प्रॉडक्ट (मॅग्नेशियम गुणिले ओएचचा वर्ग) १० रेज टू मायनस ७ च्या घरात जातो, आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साईडचा केएसपी (ज्याच्या वर प्रॉडक्ट गेला की साका बसतो ती मर्यादा) आहे १० रेज टू मायनस ११ च्या आसपास, म्हणजे तो खाली बसणारच. ०.१ मोलर अमोनियम क्लोराईड घातलं तरी प्रॉडक्ट मायनस ११ च्या घरातच, अगदी काठावर. १ मोलर केलं की मायनस १३ वर उतरतो, मग ट्यूब क्लिअर राहते. फेरिक हायड्रॉक्साईडचा केएसपी मायनस ३८ च्या आसपास, त्याला तेवढा ओएचही पुरतो. म्हणून अमोनियम क्लोराईड सढळ हाताने, आणि अमोनियाच्या आधी!

चुकलंच तर ट्यूब फेकू नका, तिच्यातच अमोनियम क्लोराईडची पावडर टाकून चांगलं हलवा, मॅग्नेशियमचा असेल तर विरघळतो, अ‍ॅल्युमिनियमचा तसाच राहतो.

क्लोराईड संपलं म्हणून अमोनियम सल्फेट मात्र वापरू नका, सॉल्टमधे बेरियम असेल तर ते तिथेच सल्फेट होऊन बसेल.

पेपरात “कॉमन आयनमुळे केएसपी कमी होतो” असं लिहितात, ते साफ चूक. टेम्परेचर तेच तर केएसपी तोच, कमी होते सॉल्युबिलिटी. सिल्व्हर क्लोराईड साध्या पाण्यात १.३ गुणिले १० रेज टू मायनस ५ मोलर विरघळतं, ०.१ मोलर मिठाच्या पाण्यात फक्त १.८ गुणिले १० रेज टू मायनस ९. पण म्हणून कॉन्सन्ट्रेटेड एचसीएल ओतत बसाल तर कॉम्प्लेक्स बनून ते परत विरघळायला लागतं, फर्स्ट ग्रुपला (एचसीएल टाकून सिल्व्हरसारखे आयन ओळखायची टेस्ट) डायल्यूटच घ्या.

आणि पाणी. नर्मदेचं असो की बोरिंगचं, नळाच्या पाण्यात क्लोराईड असतंच, सिल्व्हर नायट्रेट टाकलं की सॉल्टमधे क्लोराईड नसतानाही दुधाळ होतं. डिस्टिल्डच वापरा, ट्यूब शेवटी त्यानेच खंगाळा, आणि शंका असेल तर नुसत्या पाण्यात डायल्यूट नायट्रिक आणि सिल्व्हर नायट्रेट टाकून आधी बघून घ्या.