एमएसडब्ल्यू करताय? क्षेत्रकार्यातल्या या चुका टाळा

दिवाळी उलटून दोन आठवडे झाले होते आणि एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, एका विद्यार्थिनीचं रेकॉर्डिंग (क्षेत्रकार्यासाठी वस्तीत दिलेल्या भेटीचा लेखी वृत्तांत) माझ्यापुढे होतं. ‘आज वाडीला भेट दिली. घरातील महिलेशी 40 मिनिटे चर्चा केली. तिने मुलांच्या शिक्षणाबद्दल चिंता व्यक्त केली.’ अक्षर नेटकं, मुद्दे क्रमाने मांडलेले, शेवटी स्वतःचं निरीक्षणही होतं. पण त्या तारखेला त्या कातकरी वाडीत बोलायला बाईच नव्हती. दिवाळी झाली की वाडी भट्टीवर जाते, कोणी विटांच्या, कोणी कोळशाच्या. मी आदल्याच दिवशी तिथे जाऊन आले होते. दारांना झापं लावलेली होती आणि एक म्हातारा अंगणात बसला होता.

मी तिला ओरडले नाही. गाडीवर मागे बसवलं आणि वाडीत नेलं. बंद दारं बघून ती रडायला लागली. सबमिशन तोंडावर होतं, सहा भेटींचं लिखाण राहिलं होतं, म्हणून ऑक्टोबरातल्या भेटीवरून बाकीच्या तिने एका रात्रीत लिहून काढल्या होत्या. असं करणारी ती पहिली नव्हती. मी क्षेत्रकार्याची सुपरव्हायजर म्हणून काम करायला लागले तेव्हापासून दरवर्षी दोन-तीन मुलं हेच करतात आणि दरवर्षी मला तितकंच वाईट वाटतं.

यात खोटेपणापेक्षा मोठं नुकसान वेगळंच आहे. ती त्या आठवड्यात खरंच गेली असती, तर वर्षातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिला दिसली असती. शाळेच्या पटावर नावं आहेत आणि मुलं भट्टीवर आहेत. अशा मुलांना शिक्षण हमी पत्रक मिळतं, ते दाखवून आई-बाप जातील तिथल्या शाळेत त्यांना बसता येतं. हे पत्रक दिवाळीआधी शिक्षकांच्या मागे लागून करून घ्यावं लागतं. एकदा वाडी हलली की कुठल्या मुलाला कुठे शोधणार? पुस्तकात ‘हंगामी स्थलांतर’ हे दोन शब्द सगळ्यांनी वाचलेले असतात. ते डोळ्यांनी बघायची संधी या मुलीने हातची घालवली.

माझी सवय सांगते. रेकॉर्डिंग त्याच दिवशी, घरी पोचायच्या आत. एसटी स्टँडवर गाडीची वाट बघताना मी निम्मं लिहिलेलं असतं. आधी माणसं बोलली ती वाक्यं त्यांच्याच बोलीत, जशीच्या तशी. मग कोण कुठे बसलं होतं, कोण मध्येच उठून गेलं, कोण बोललंच नाही. मला काय वाटलं ते सगळ्यात शेवटी. वहीच्या उजव्या पानावर घडलेलं लिहायचं, डावं पान कोरं ठेवायचं. आयसीला, म्हणजे एकेकट्या विद्यार्थ्यासोबतच्या चर्चेत, सुपरव्हायजरशी बोलणं झालं की ते भरतं. लोकांसमोर वही उघडायची नाही. वही दिसली की वाडीतली माणसं सरकारी उत्तरं द्यायला लागतात. आणि ‘चिंता व्यक्त केली’ असलं वाक्य कुठल्याही बाईच्या तोंडी घालू नका. ती काय म्हणाली ते लिहा.

सीनियरच्या जुन्या फाइली झेरॉक्स करून त्यावर तारखा बदलणं, किंवा हल्ली मोबाइलला सांगून भेटीचा वृत्तांत लिहून घेणं, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. असं करणाऱ्याने दुसरा अभ्यासक्रम निवडावा. चार सेमिस्टरांत शिकण्यासारखं जे आहे त्यातलं बरंचसं त्या वहीतच असतं.

दुसरी चूक मला याहून जास्त छळते: शब्द देणं.

जातीच्या दाखल्याचं प्रकरण सांगते. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांना स्वतःची जमीन नाही, ज्यांचे आजे-पणजे शाळेत गेले नाहीत, त्यांनी 1950 चा कागद आणायचा कुठून? राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी कातकरी ही एक, पण त्यांच्या दाखल्यासाठी महिनोन् महिने जातात. एका उत्साही मुलाने पहिल्याच महिन्यात एका आजीला सांगून टाकलं, “आजी, पुढच्या महिन्यात तुमच्या नातवाचा दाखला हातात देतो.” आजीने घरातले सगळे कागद दुधाच्या पिशवीत घातले. दोनदा मजुरी बुडवून तालुक्याला आली. दाखला प्रांताधिकाऱ्यांच्या सहीने निघतो, अर्जासोबत काय जोडावं लागतं, हे त्या मुलाने तोवर विचारलंसुद्धा नव्हतं. एप्रिलमध्ये सेमिस्टर संपलं आणि तो आपल्या गावी गेला. आजीला सांगून गेला नाही.

पुढच्या वर्षी मी नव्या विद्यार्थिनीला घेऊन त्या वाडीत गेले. आजीने पिशवी आणून माझ्यापुढे ठेवली. “ताई, तो तुमचा पोरगा कदी येनार?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या नव्या मुलीला बसायला कोणी घोंगडी टाकली नाही, पाणी विचारलं नाही. तिची काही चूक नसताना पहिले चार महिने ती फक्त विश्वास परत मिळवत होती. दाखला पुढे निघाला, पण त्यासाठी आम्हाला जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत आजीच्या सासऱ्याचं नाव शोधावं लागलं.

केसवर्कच्या, म्हणजे एकेका व्यक्तीसोबतच्या कामाच्या, पेपरात समाजकार्याचे अभ्यासक फेलिक्स बिस्टेक यांची सात तत्त्वं मुलं धडाधड लिहितात. अशिलाचा (ज्याला मदत करतो त्याचा) स्वयंनिर्णय, गोपनीयता, सगळं पाठ असतं. तीच मुलं वाडीत ‘मी करून देतो’ म्हणतात, तेव्हा निर्णय आणि काम दोन्ही अशिलाच्या हातातून काढून घेतात. मी माझ्या मुलांना दोनच वाक्यं बोलायची मुभा देते: ‘विचारून सांगते’ आणि ‘गुरुवारी येते’. गुरुवार म्हटलं की गुरुवारी, पाऊस असला तरी. आपण एप्रिलमध्ये जाणार हे जानेवारीपासून प्रत्येक भेटीत सांगायचं, आणि हातातलं अर्धं काम कोणाकडे सोपवतोय त्या माणसाला वाडीत नेऊन भेटवायचं. केसचा समारोप परीक्षेत पाच गुणांना येतो, म्हणून मुलं तो शेवटच्या भेटीत उरकतात. मी तो तीन महिने करायला लावते.

प्रबंधाकडे वळते. कोकणचं वर्ष कॉलेजच्या वेळापत्रकावर चालत नाही, हे न बघता माहिती गोळा करायला निघणं ही तिसरी चूक. यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी असते. तेव्हा खलाशी घरी असतात, जाळी विणत बसतात आणि निवांत बोलतात. कोळीवाड्यावर प्रबंध करायचा असेल तर पहिलं वर्ष संपल्यावरचे हे दोन महिने सोन्यासारखे आहेत. मुलं मात्र तेव्हा सुट्टीवर असतात आणि ऑक्टोबरात बंदरावर जाऊन लिलाव चालू असताना मासळीवाल्या बाईपुढे प्रश्नावली धरतात. तिने तुमच्याकडे बघायचं की बोलीकडे? आंब्याच्या बागांवर काम करायचं तर नेपाळहून येऊन बागेतच राहणारे मजूर यादीत धरा, गावातले तेवढे मोजून ‘आंबा व्यवसायातील कामगार’ असं शीर्षक देऊ नका. आणि गणपतीत किंवा शिमग्याला कुटुंबांची पाहणी करू नका. घराघरांत मुंबईकर आलेले असतात, घरटी माणसं दुप्पट दिसतात आणि एरवी एकटी राहणारी म्हातारी तुमच्या तक्त्यात ‘एकत्र कुटुंबात’ जाऊन बसते. हे मी एका पूर्ण झालेल्या, बाइंडिंग केलेल्या प्रबंधात पाहिलं आहे.

गुगल फॉर्मवर शंभर उत्तरं गोळा करून त्याला ‘ग्रामीण महिलांचा अभ्यास’ म्हणू नका. ज्या बाईकडे फोन नाही तिचा अभ्यास त्यात कुठेच नसतो.

समुदाय संघटनाच्या उत्तरात अमेरिकेतल्या विचारवंतांची नावं जरूर लिहा. पण 20 मार्च 1927 चं महाडचं चवदार तळं आणि अलिबागजवळच्या चरीचा 1933 ते 1939 चा शेतकऱ्यांचा संप उत्तरात नसेल, तर कोकणातल्या विद्यार्थ्याने काय वाचलं? जमीनदार खोतांविरुद्ध कुळांनी जमिनी पडीक ठेवल्या, जंगलातला लाकूडफाटा विकून दिवस काढले आणि सहा वर्षं एकी टिकवली. माणसं इतका काळ एकत्र कशी राहतात, नेतृत्व कसं उभं राहतं, उपाशी घरांना गाव कसं धरून ठेवतं, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. चरीला जा, म्हाताऱ्या माणसांशी बोला. अलिबागपासून जवळ आहे.

आता थोडक्यात बाकीचं. इग्नूमधून एमएसडब्ल्यू करणाऱ्यांना वाटतं क्षेत्रकार्य टळलं. टळत नाही, तिथेही ते सक्तीचं आहे, नोकरी सांभाळून वेळ कसा काढणार ते प्रवेशाआधी ठरवा. स्पेशलायझेशन मैत्रिणीने घेतलं म्हणून घेऊ नका. नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा, शेवटच्या वर्षात असतानाच देता येते, पहिल्या पेपरचे 50 आणि दुसऱ्याचे 100 प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तरी मुलं ‘एमएसडब्ल्यू झाल्यावर बघू’ म्हणून दोन वर्षं घालवतात. ब्लॉक प्लेसमेंट (एखाद्या संस्थेत सलग काही आठवडे करायचं काम) घराजवळची मागू नका.

शेवटची चूक एसटीची. शेवटची गाडी साडेचारची असते म्हणून मुलं चार वाजल्यापासून घड्याळ बघतात. वाडीतली माणसं कामावरून येतात सहाला. म्हणजे वर्षभर तुम्ही ज्यांना भेटता ती म्हातारी माणसं, लहान मुलं आणि आजारी माणसं. कमावत्या माणसाचं तोंड तुम्ही पाहिलेलंच नसतं, दारू प्यालेला नवरा घरी कसा येतो तेही पाहिलेलं नसतं. म्हणून माझ्या गटातल्या प्रत्येकाला महिन्यातून एक मुक्काम असतो. मुली दोघी-दोघी जातात. अंगणवाडी सेविकेला आठ दिवस आधी फोन करा, कॉलेजला आणि घरी कळवा, तांदूळ-डाळ आपली न्या आणि टॉर्च विसरू नका.