इंकजेट प्रिंटरसाठी कागद कसा निवडावा

कागद घेताना बहुतेक जण फक्त जीएसएम पाहतात. एक चौरस मीटर कागदाचे वजन किती ग्रॅम, एवढेच त्या आकड्यावरून समजते. जाडीचा अंदाज येतो, पण शाई कशी बसेल हे कळत नाही. ते ठरते कागदावरच्या लेपावरून. इंकजेटच्या शाईत मुख्यतः पाणीच असते, त्यामुळे लेप नसलेल्या कागदाच्या तंतूंमधून ती पसरते, अक्षरांच्या कडा फिसकटतात आणि रंग मलूल दिसतात. लेप असेल तर ती वरच्या थरातच धरली जाते.

अर्ज, पत्रे, मुलांच्या प्रकल्पांतील मजकूर अशा रोजच्या कामाला ७५ किंवा ८० जीएसएमचा झेरॉक्सचा कागद पुरतो. पाठपोट छापायचे असल्यास ९० ते १०० जीएसएमचा घ्यावा, म्हणजे मागचा मजकूर पुढे दिसत नाही. ८० जीएसएमच्या ए-४ कागदाचे वजन सुमारे पाच ग्रॅम असते, म्हणून ५०० कागदांची रीम जवळजवळ अडीच किलो भरली पाहिजे. स्वस्त रीम त्याहून बरीच हलकी लागली, तर वेष्टनावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

छायाचित्रांसाठी मात्र हात आखडता घेऊ नये. बाजारातला स्वस्त चकचकीत कागद म्हणजे बऱ्याचदा साध्या कागदावर दिलेला लेप असतो. गडद आकाश किंवा काळी पार्श्वभूमी छापली की तो ओलाव्याने लहरतो. आरसी (रेझिन कोटेड) प्रकारच्या कागदात आतल्या कागदाला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे तो सपाट राहतो. कोपरा फाडून पाहिला तर हा थर ताणला गेलेला दिसतो.

पुष्कळ टँक प्रिंटरमध्ये (ज्यांच्या टाकीत बाटलीतून शाई भरतात) काळी शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची, आणि रंगीत शाया डायच्या, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या, असतात. पिगमेंटचे कण चकचकीत कागदाच्या पृष्ठभागावरच राहतात आणि बोट लागताच पुसले जातात. छपाईच्या सेटिंगमध्ये ‘ग्लॉसी’ निवडले, तर असे प्रिंटर सहसा रंगीत शायांच्या मिश्रणातून काळा रंग तयार करतात; म्हणून योग्य कागद घेऊनही सेटिंग ‘प्लेन’वर ठेवल्यास पैसे वाया जातात.

ऑफसेट छपाईचा आर्ट पेपर दिसायला देखणा असला, तरी पाण्याची शाई तो नीट शोषत नाही. उलट, इंकजेटचा चकचकीत कागद लेझर प्रिंटरमध्ये कधीही घालू नये, कारण उष्णतेने लेप वितळून आतल्या रोलरला चिकटू शकतो.

कोणती बाजू छापायची हे समजत नसेल, तर किंचित ओलसर बोट कोपऱ्याला लावावे. जी बाजू चिकटते ती लेपाची. जाड कागद मागच्या ट्रेमधून सरळ जाऊ द्यावा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, उरलेले कागद पाकिटात बंद करून आडवे ठेवावेत, आणि छापलेले छायाचित्र काचेमागे बसवण्यापूर्वी निदान एक दिवस वाळू द्यावे.