बर्लिनला घर शोधायचंय? विमानात बसण्याआधी फाइल तयार ठेवा

बर्लिनमध्ये नोकरी लागली की आपली मंडळी तिकीट काढतात, बॅगा भरतात आणि घराचं ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून सोडून देतात. कृपा करून असं करू नका. परवडणाऱ्या भाड्याच्या घराची जाहिरात आली की काही तासांत शेकडो अर्ज पडतात आणि ती त्याच दिवशी उतरवली जाते. त्या दिवशी कागद गोळा करायला बसलात तर ते घर गेलंच. इथे निकाल लागतो तो कोणाची फाइल पुरी आहे आणि कोणाची आधी पोचली यावर.

तर पहिलं काम, एकच पीडीएफ. पहिल्या पानावर तुमची ओळख: नाव, काम, पगार, किती माणसं राहणार, कधीपासून. मागे नोकरीचा करार, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि शुफाचा दाखला. शुफा म्हणजे आपल्याकडच्या सिबिलसारखी नोंद. नव्याने आलेल्याची शुफा कोरीच असते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. स्लिपांच्या जागी कंपनीकडून पगार आणि रुजू होण्याची तारीख लिहिलेलं पत्र घ्या. हातात पडणारा पगार मूळ भाड्याच्या तिप्पट आहे का, असा मालकांचा साधारण हिशोब असतो. विद्यार्थी असाल तर ब्लॉक्ड अकाउंटचा (राहण्याच्या खर्चासाठी पैसे अडकवून ठेवलेल्या बँक खात्याचा) पुरावा आणि आईवडिलांचं हमीपत्र लावा.

आणि एक कागद निघण्याआधीच मिळवा: पुण्यात, ठाण्यात, जिथे भाड्याने राहत असाल तिथल्या घरमालकाकडून दोन ओळी इंग्रजीत, ‘भाडं वेळेवर दिलं, काही थकबाकी नाही’. इथे जुन्या मालकाचा असा दाखला सर्रास मागतात. तिकडे काका चहा पाजून सही करतील. इकडून व्हॉट्सॲपवर मागत बसलात तर महिना जातो.

अर्जाचा मजकूर जर्मनमध्ये, सहा-सात ओळींचा, मोबाइलमध्ये तयार हवा. इमोबिलियनस्काउट24 या घरांच्या जाहिरातींच्या साइटवर अलर्ट लावा. देगेवो, गेवोबाग, होवोगे या शहराच्या मालकीच्या कंपन्यांची घरं इनबर्लिनवोनेन या पोर्टलवर एकत्र दिसतात, तिथेही रोज डोकवा. शोध फ्रीडरिक्सहाइन-क्रॉइत्सबेर्ग या मध्यवर्ती भागापुरता ठेवू नका. श्पांडाउ, लिश्टनबेर्ग, मारत्सान इथूनही एस-बानने, म्हणजे लोकल ट्रेनने, कामाला जाणारे खूप आहेत.

जाहिरात वाचायला आधीच शिकून घ्या. इथे स्वयंपाकघर आणि बाथरूम सोडून खोल्या मोजतात, म्हणजे ‘दोन खोल्या’ हा आपला वन बीएचके. काल्टमीटे हे नुसतं भाडं. वार्ममीटेत पाणी, इमारतीची देखभाल आणि बहुतेक वेळा हीटिंग येतं, वीज आणि इंटरनेट मात्र वेगळं. ‘टाउशवोनुंग’ दिसलं की पुढे जा, त्यांना घराच्या बदल्यात घर हवं असतं. ‘वेबेएस’ लिहिलं असेल तर कमी उत्पन्नाचा सरकारी दाखला लागतो. काही घरांत स्वयंपाकघर म्हणजे भिंतीतून निघालेले दोन नळ आणि शेगडीचा जोड, बस्स. ना ओटा, ना सिंक. छताला दिव्याऐवजी लोंबणारी वायर. हा खर्च आधीच धरून ठेवा.

सगळ्यात जास्त जीव तोडून सांगते ते आनमेल्डुंगबद्दल, म्हणजे पत्त्याच्या सरकारी नोंदणीबद्दल. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असा कायदा आहे आणि त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा फॉर्म लागतो. नोंदणी झाली की टॅक्स नंबर पोस्टाने येतो. तो नसेल तर पगारातून कर जास्त कापला जाऊ शकतो. बँक, व्हिसा वाढवणं, सगळं या एका कागदाशी येऊन अडतं. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी तात्पुरती जागा घेताना भाडं विचारण्याआधी ‘आनमेल्डुंग होईल का’ हे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. ‘खोली मिळेल, नोंदणी नाही’ असं सांगणारे भरपूर भेटतील. त्यांना नमस्कार करा. पैसे घेऊन नुसता पत्ता विकणारेही आहेत. प्रत्यक्षात कोणी राहत नसताना नोंदणीसाठी पत्ता पुरवणाऱ्याला 50,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो, त्या भानगडीत पडूच नका.

पैशांचं थोडक्यात. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन काल्टमीटे, आणि ते तीन मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क कायद्याने दिला आहे. दलालाची फी 2015 पासून ज्याने दलाल नेमला त्याने द्यायची. मालकाने नेमलेल्या दलालाला तुम्ही काही देणं लागत नाही. ‘मी परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरियरने येईल’ असा मेल आला तर ती फसवणूकच. घर पाहिल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय एक युरोही नाही.

घर बघायला जाताना फाइलची छापील प्रतही न्या. पासपोर्टची प्रत मात्र निवड झाल्यावरच द्या. दायित्व विमा, इथला हाफ्टफ्लिश्ट, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा, आधीच काढा. इमारतीची सामायिक किल्ली हरवली तर सगळी कुलपं बदलायचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो, म्हणून किल्ल्यांचं कलम त्यात आहे का ते वाचा. करार कळत नसेल तर बर्लिनर मीटरफेराइनचं सभासदत्व घ्या. भाडेकरूंची ही जुनी संघटना सभासदांना कायदेशीर सल्ला देते.

किल्ली घेताना मीटरचे आकडे, भिंतींवरचे ओरखडे, बाथरूममधल्या बुरशीचे डाग, सगळ्याचे फोटो काढा आणि हस्तांतराच्या कागदावर ते लिहून घेऊन मगच सही करा. त्याच दिवशी टपालपेटीवर आणि बेलवर नाव लावा. इथे पत्त्यात फ्लॅट नंबर बहुधा नसतो, पोस्टमन नाव वाचून पत्र टाकतो. पेटीवर तुमचं आडनाव नसेल तर बँकेचा पिन आणि टॅक्स नंबर परत जातो. मालकाची पाटी यायला वेळ लागणार असेल तर कागदावर ठळक लिहून टेपने चिकटवा.