मिशनला निघण्याआधी: फिलिपिन्सला जाणाऱ्या मावसभावासाठी तयारीची यादी

लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चचा कॉल, म्हणजे धर्मप्रसाराच्या मिशनवर जायचं बोलावणं, आला, सगळ्यांनी मिठ्या मारल्या, मावशीने पेढे वाटले. आता शांतपणे बस आणि हे वाच. हातात महिने दिसतात, पण त्यातले निम्मे कागदांतच जातात.

पासपोर्ट, पोलीस क्लिअरन्स, जन्मदाखला, कशावर ॲपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का, लागेल, हे सगळं ब्रँच प्रेसिडेंट, म्हणजे आपल्या मंडळीचे प्रमुख, सांगतीलच. तू एवढंच बघ की प्रत्येक कागदावर तुझं आणि काकांचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे. आपल्याकडे एका कागदावर आडनाव आधी येतं, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर मधलं नावच नसतं, आणि व्हिसाच्या वेळी नेमकं तेच अडतं. आजच बघ. दुरुस्तीला वेळ लागतो.

आता दात. अर्जासोबत डेंटिस्टचा फॉर्म गेला, सही-शिक्का झाला, म्हणजे दातांचं काम संपलं असं समजू नकोस. माझ्याही फॉर्मवर सही होती. खालची अक्कलदाढ अर्धीच वर आलेली होती, दुखत नव्हती, डॉक्टर म्हणाले असू दे, मीही असू दिली. अशा दाढेवर हिरडीचा एक पापुद्रा राहतो, त्याखाली अन्न अडकतं, कधीतरी तिथे पू होतो. माझं ते ‘कधीतरी’ मिशनच्या ऐन मध्यावर आलं, भर पावसात. गाल सुजला आणि जबडा बोटभरसुद्धा उघडेना. त्यामुळे तू पुन्हा डेंटिस्टकडे जा. नुसता आरसा घालून तपासू देऊ नकोस, ओपीजी काढायला सांग. पूर्ण जबड्याच्या त्या एक्स-रेमध्ये आडवी रुतलेली दाढही दिसते. काढायची असेल तर याच महिन्यात काढून घे. टाके निघायला, सूज उतरायला, जखम भरायला वेळ लागतो. निघायच्या आठवड्यात दाढ काढून विमानात बसायचं नाही. रूट कॅनल सुरू असेल तर पुरं कर आणि कॅप बसवून घे. तात्पुरतं सिमेंट भरून जायचं नाही. किडलेला छोटासा दातही ‘आल्यावर बघू’ म्हणून ठेवायचा नाही, कारण तू दोन वर्षांनी येणार आहेस.

दातांचं एवढं का लावून धरलंय, तेही ऐक. मिशनवर तू एकटा कधीच नसतोस. कंपॅनिअन, म्हणजे जोडीला दिलेला दुसरा मिशनरी, कायम तुझ्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात असतो, न्हाणीघर तेवढं सोडून. तुला ताप आला की तोही खोलीत अडकतो, तू डेंटिस्टच्या खुर्चीत असलास की तो बाहेरच्या बाकावर असतो. माझी कंपॅनिअन उत्तरेकडच्या इलोकोसची होती आणि तिच्या मिशनचा शेवटचा ट्रान्सफर, म्हणजे दोन बदल्यांमधला टप्पा, चालू होता, हातात फक्त सहा आठवडे. आम्ही एका आजींना शिकवत होतो. त्या दुपारी फाटकापाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून आमची वाट बघत बसायच्या, गुडघ्यावर पुस्तक उघडं ठेवून, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. माझी कंपॅनिअन त्यांना तिचे शेवटचे धडे शिकवू शकली नाही. ती माझ्यासाठी आल्याचा तुकडा घालून लुगाव, म्हणजे तांदळाची पेज, रटरटवत बसली. मला एका शब्दाने बोलली नाही. तिचे ते दिवस मी तिला परत देऊ शकत नाही. तुझ्या दुखण्यात दुसऱ्याचं मिशन खर्ची पडतं, आणि त्याने ते दोन वर्षं सगळं सोडून, घरच्यांच्या पैशातून उभं केलेलं असतं. म्हणून दात. आधी दात, मग खरेदी.

कपड्यांची यादी मिशनरी पोर्टलवर आहे, ती पाळ, स्वतःचं डोकं लावू नकोस. शर्ट बहुतेक वेळा हातानेच धुवावे लागतात, तेव्हा कॉलर घासायला आत्ताच शीक, मावशीला धुवायला देऊ नकोस. सुटाला फार पैसे घालू नकोस, त्या उकाड्यात तो क्वचितच अंगावर चढतो. बुटांवर मात्र खर्च कर. दोन जोड घे, म्हणजे एक वाळत असताना दुसरा पायात असेल, आणि कोरे करकरीत नेऊ नकोस. महिनाभर इथल्या रस्त्यांवर घालून चाल, फोड यायचे ते इथेच येऊ देत. मोजे सुती आणि भरपूर. तिथे बऱ्याच भागांत जून ते नोव्हेंबर पाऊस आणि वादळं असतात. साचलेल्या पाण्यातून चालल्याने लेप्टो होतो, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. तिथले प्लग दोन चपट्या पिनांचे. व्होल्टेज साधारण आपल्याइतकंच, त्यामुळे साधा ॲडॉप्टर पुरतो. चष्म्याची दुसरी जोडी आणि नंबरचा कागद घे. लसींचं कार्ड घे. ओपीजीची फिल्म घे आणि तिचा फोटोही फोनमध्ये ठेव. काढलास ना ओपीजी?

स्वयंपाक शिकून जा. मॅगी म्हणजे स्वयंपाक नव्हे. कुकरशिवाय भात, मुगाची उसळ आणि एक कुठलीही पालेभाजी एवढं आलं तरी निभतं. मूग तिथे सगळीकडे मिळतात, मुंगो म्हणतात. गोडा मसाल्याचं सीलबंद पाकीट बॅगेत टाक. बाहेर लोक जेवायला बोलावतातच, ‘काइन तायो’ ही हाक दिवसातून कितीदा तरी ऐकशील. भात तिन्ही वेळा असतो. डुकराचं मांस आणि सुकी मासळी वरचेवर असते. चिंच घातलेलं सिनिगांग आपल्या जिभेला लगेच रुचतं. गरिबाघरी वाढलेलं ताटात टाकू नकोस. त्या ताटासाठी घरातलं कोणीतरी कमी खाल्लेलं असतं. कॉफी आपल्या चर्चमध्ये पीत नाहीत, ती पुढे आली तर हसून नको म्हण आणि पाणी माग. नियमांचं भाषण तिथल्या तिथे देऊ नकोस.

भाषा एमटीसीत, म्हणजे मिशनऱ्यांच्या प्रशिक्षण केंद्रात, शिकवतात आणि पहिले धडे बहुधा घरूनच ऑनलाइन सुरू होतील, पण तेवढ्यावर थांबू नकोस. तुझ्या कॉलमध्ये तागालोग आहे, म्हणजे ‘पो’ पहिल्या दिवसापासून जिभेवर हवा. वडीलधाऱ्यांशी बोलताना तो सुटला तर उद्धट दिसतं. दुसऱ्याच्या फाटकाबाहेर उभं राहून ‘ताओ पो’ अशी हाक द्यायची, कडी वाजवत सुटायचं नाही. जीपनीत, म्हणजे तिथल्या शेअर जीपमध्ये, पैसे हातोहात पुढे द्यायचे, ‘बायाद पो’ म्हणत. उतरायचं असेल तर ‘पारा पो’. आजी-आजोबांचा हात हातात घेऊन आपल्या कपाळाला लावतात, त्याला मानो म्हणतात, आणि आपण वाकून नमस्कार करणारी माणसं असल्याने ते तुला जड जाणार नाही. शब्द वहीत देवनागरीतच लिही, उच्चार सरळ राहतात. आणि तुझी साक्ष, म्हणजे तू का विश्वास ठेवतोस, ती मराठीतून तीन-चार साध्या वाक्यांत मांडून बघ. स्वतःच्या भाषेत जे नीट सांगता येत नाही ते परक्या भाषेत अजिबात जमत नाही.

कंपॅनिअन तू निवडत नाहीस. तो घोरेल, उशीच्या अभ्र्यावर ओला टॉवेल टाकेल, तुझ्यापेक्षा शिस्तीचा असेल किंवा अगदी बेशिस्त. सकाळी साडेसहाला उठायचं, व्यायाम, एकट्याचा अभ्यास, मग जोडीने अभ्यास, दिवसभर बाहेर, रात्री नऊच्या सुमाराला परत, साडेदहाला दिवे बंद. एवढ्या बांधलेल्या दिवसात रुसायला जागा नसते. आठवड्याला एकदा दोघांनी बसून जे खटकलं ते बोलायचं असतं. ते मनापासून कर. नुसतं ‘सगळं ठीक’ म्हणून उठू नकोस. घरी तू धाकटा, तुझं ताट दुसरं कोणीतरी उचलतं. आजपासून तूच उचल.

घरच्यांना तयार कर, हेही तुझंच काम. फेब्रुवारी २०१९ पासून मिशनऱ्यांना दर आठवड्याला घरी फोन करता येतो. आधी ख्रिसमस आणि मदर्स डे एवढेच दोन फोन असायचे, बाकी नुसती ईमेल. म्हणजे तुझी सोय आहे, पण तो प्रिपरेशन डेलाच, म्हणजे स्वतःच्या कामांसाठी मिळणाऱ्या आठवड्यातल्या एका दिवशीच, आणि त्याच दिवशी कपडे धुणं, बाजार, केस कापणंही असतं. मनिला आपल्या अडीच तास पुढे आहे, तेव्हा वेळ ठरवून दे. आजीला व्हिडिओ कॉल उचलायला शिकव, निदान दहादा तरी करून घे तिच्याकडून. नातेवाइकांपैकी जे चर्चमध्ये नाहीत ते विचारतील की नोकरी सोडून दोन वर्षं फुकट कशाला. वाद घालू नकोस, घरी जाऊन भेट, पाया पड, काय करणार आहेस ते सांग.

टेंपल रेकमेंड, म्हणजे मंदिरात जायचा चर्चचा परवाना, पाकिटात ठेव. मनिलाचं मंदिर, १९८४ सालचं, एमटीसीच्या समोरच आहे. वर्गांतून जाता येईल तेव्हा जा.

शेवटचा आठवडा: वजनकाटा, कुलपं, पासपोर्टच्या झेरॉक्स, थोडे पेसो. हिरड्या, गाल, जबडा, काही ठणकतंय का? ठणकत असेल तर दडवू नकोस, तारीख पुढे गेली तरी चालेल. सेट अपार्ट केलं, म्हणजे प्रार्थना करून तुला मिशनरी म्हणून नेमलं, की तू एल्डर, नियम तिथूनच लागू.

पहिले बारा आठवडे ट्रेनर, म्हणजे तुला शिकवणारा अनुभवी कंपॅनिअन, सोबत असेल, त्याचं ऐक. डेंग्यूचे डास दिवसा चावतात, तेव्हा मलम सकाळीच लाव. ताप, जुलाब, सूज, काहीही झालं तरी त्याच दिवशी कंपॅनिअनला सांग आणि मिशनच्या नर्सना फोन कर. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नकोस.