एसडीएनमध्ये राउटिंग आणि ॲड्रेसिंग करताना या चुका टाळा

अंधेरीत ऑफिस, सर्व्हर ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरला आणि मध्ये एसडीएन (पॅकेट कुठे पाठवायचं ते स्विचला कंट्रोलर नावाचं मध्यवर्ती सॉफ्टवेअर सांगतं असं नेटवर्क), असा सेटअप मुंबईत आता बऱ्याच जणांकडे आहे. त्यात लोक अडकतात ते बहुतेक वेळा एकाच गोष्टीमुळे, आयपी बघितला की मशीन कुठेय ते कळलं असं धरून चालतात. व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, सकाळी एका रॅकमध्ये असते, रात्री दुसऱ्या, आयपी तोच.

सगळ्यात जास्त डोकं खाणारा प्रकार म्हणजे जुना फ्लो, म्हणजे कंट्रोलरने स्विचमध्ये टाकलेला जुना नियम. व्हीएम हलली पण स्विचमध्ये "या आयपीचं पॅकेट पोर्ट ५ वर टाक" हा नियम तसाच. लोक म्हणतात आयडल टाइमआउट (ठरावीक वेळ पॅकेट आलं नाही तर नियम काढणारा टायमर) आहे ना, जाईल आपोआप. नाही जात! समोरचा क्लायंट पुन्हा पुन्हा ट्राय करत राहतो, प्रत्येक पॅकेट त्याच नियमाला लागतं आणि टायमर परत शून्यापासून सुरू होतो, म्हणजे चुकीचा नियम तुमचाच ट्रॅफिक जिवंत ठेवतो. स्विचमधले नियम दाखवणारी डम्प-फ्लोज कमांड चालवा, पॅकेटचा आकडा वाढतोय आणि पलीकडे काहीच पोचत नाहीये असं दिसलं की समजा हेच आहे. हार्ड टाइमआउट (ट्रॅफिक असो नसो, ठरल्या वेळी नियम काढणारा) लावाच, पण खरा उपाय म्हणजे व्हीएम हलल्याचं कळल्याबरोबर कंट्रोलरने जुने फ्लो स्वतः डिलीट केले पाहिजेत.

दुसरं, पिंग जातोय, लॉगिन पण होतंय, पण मोठी फाइल टाकली की लटकते. फायरवॉलवाल्याशी भांडायच्या आधी एमटीयू (एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार) बघा प्लीज. व्हीएक्सलॅन (व्हीएमचं पॅकेट दुसऱ्या पॅकेटमध्ये गुंडाळून नेण्याचं तंत्र) प्रत्येक पॅकेटवर ५० बाइट चढवतं, व्हीएमचं पॅकेट १५०० चं असेल तर खालच्या नेटवर्कला किमान १५५० लागतात. व्हीएमवरून डोन्ट फ्रॅगमेंट (पॅकेटचे तुकडे करू नको) लावून १४७२ साइजचा पिंग मारा, हेडर धरून बरोबर १५०० होतात. तो अडकला आणि १४२२ चा गेला तर उत्तर मिळालं. खालचा एमटीयू वाढवा, ते हातात नसेल तर व्हीएमचा १४५० करा.

सबनेट, म्हणजे आयपींची रेंज, ठरवताना घाई तर अजिबात नको. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरचा डीफॉल्ट ब्रिज १७२.१७.०.० /१६ घेतो, कंटेनरचं नेटवर्क जोडणाऱ्या फ्लॅनेलच्या तयार फाइलमध्ये १०.२४४.०.० /१६ असतं, आणि ऑफिसच्या व्हीपीएनवर तीच रेंज निघाली की परतीचं पॅकेट होस्टच्या आतच फिरतं, बाहेर पडतच नाही. एक शीट करा, त्यात कुठली रेंज कुणाची ते लिहा, डीफॉल्टवाल्या पण लिहा. खूप कंटाळवाणं काम आहे, तरी करा.

ओपनफ्लो (कंट्रोलर आणि स्विच ज्यात बोलतात तो प्रोटोकॉल) १.० वरून १.३ वर गेलात आणि सगळं गप्प झालं? १.० मध्ये नियम न सापडलेलं पॅकेट कंट्रोलरकडे जायचं, १.३ मध्ये टेबल-मिसची (कुठलाच नियम न लागलेल्या पॅकेटसाठीची) एंट्री नसेल तर ते सरळ ड्रॉप होतं. एंट्री टाका, पण प्रत्येक पॅकेट कंट्रोलरकडे पाठवू नका, जे रूट आधीच माहितीयेत ते आधीच भरून ठेवा.

आणि ओपन व्हीस्विच या सॉफ्टवेअर स्विचचा फेल मोड (कंट्रोलर गेला तर काय करायचं ती सेटिंग) तपासा. काहीच सेट केलं नसेल तर तो स्टँडअलोन असतो, म्हणजे कंट्रोलर गेला की थोड्या वेळाने स्विच स्वतःच साधा लर्निंग स्विच (कुठलं मशीन कुठल्या पोर्टवर ते स्वतः शिकणारा) होतो, आणि वायरिंगमध्ये लूप असेल नि एसटीपी (लूप तोडणारा प्रोटोकॉल) बंद असेल तर ब्रॉडकास्टने सगळं बसतं. सिक्युअर ठेवला तर जुन्या फ्लोवर, त्यांचा टाइमआउट होईपर्यंत, काम चालू राहतं, फक्त नवीन रूट मिळत नाहीत. जिथे लूप आहे तिथे सिक्युअरच ठेवा आणि कंट्रोलर तीन ठेवा, दोन नको, कारण दोनातला एक पडला की बहुमत होत नाही.