वणव्यामुळे पीसीटी बंद झाला तर: या चुका टाळा

पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल, म्हणजे पीसीटी, ही अमेरिकेच्या पश्चिम भागातली लांब पल्ल्याची पायवाट. हा ट्रेल मेक्सिकोच्या सीमेवरच्या कॅम्पोपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत सुमारे 4,265 किलोमीटर जातो. उत्तरेकडे निघालेली मंडळी उत्तर कॅलिफोर्निया आणि ओरेगॉनमध्ये पोचतात तो जुलै-ऑगस्टचा काळ, म्हणजे ऐन वणव्यांचा मोसम. एखादा टप्पा बंद मिळणार हे आता धरूनच चालावं लागतं.

पाटी दिसेपर्यंत चालत राहणं

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. सह्याद्रीत फिरलेल्यांना सवय असते: वाट अडली तर खाली एखादी वाडी दिसते, कुणीतरी दुसरी वाट दाखवतं, संध्याकाळपर्यंत एसटीचा रस्ता गाठता येतो. इथे एका डांबरी रस्त्यापासून दुसरा कधीकधी दोन-तीन दिवसांच्या चालीवर असतो. ‘ट्रेल बंद’ची पाटी समोर येते तेव्हा सॅकमधलं खाणं संपत आलेलं असतं, आणि मागे फिरायचं तर तेवढीच पायपीट पुन्हा.

म्हणून निर्णय आधीच्या गावात घ्या. गाव सोडण्यापूर्वी पुढच्या टप्प्यातून बाहेर पडायच्या निदान दोन वाटा नकाशावर शोधा आणि तो नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. एका दिवसाचं खाणं जास्तीचं घ्या. ओझं वाढतं, तरी घ्या.

29 जुलै 2022 ला क्लॅमथ राष्ट्रीय वनात मॅकिनी वणवा पेटला आणि दुसऱ्याच दिवशी रेड ब्युट्स भागातून सुमारे 60 जणांना बाहेर काढावं लागलं. वणवा पेटेपर्यंत ती वाट उघडी होती. एवढाच वेळ मिळतो.

मी स्वतः एका पहाटे तंबूची चेन उघडली तर वरच्या कापडावर राख पडलेली होती, पीठ चाळल्यासारखी एकसारखी. त्यात पाइनची एक सुई अख्खी दिसत होती. बोट लावताच ती मोडून राख झाली. नकाशावर आग 40 किलोमीटर लांब होती. तरी मी त्याच सकाळी मागच्या रस्त्याकडे वळलो, आणि आजही तसंच करेन.

टक्केवारीवर विसंबणं

‘60 टक्के आटोक्यात’ म्हणजे 60 टक्के आग विझली असं नाही. आगीच्या कडेभोवती तेवढ्या लांबीची भरवशाची रोधरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून आखलेली हद्द, तयार झाली, इतकाच त्याचा अर्थ. आत आग धुमसत असते. 2021 चा डिक्सी वणवा 13 जुलैला सुरू झाला, साडेनऊ लाख एकरांहून जास्त जंगल जाळलं आणि पूर्ण आटोक्यात यायला ऑक्टोबर उजाडला.

आग लांब आहे म्हणजे वाट उघडी आहे, असंही नसतं. त्याच वर्षी 31 ऑगस्टला कॅलिफोर्नियातली जवळजवळ सगळी राष्ट्रीय वनं दोन आठवडे बंद ठेवली होती, जिथे धूरही नव्हता ती वनंसुद्धा. त्यामुळे ट्रेलच्या ॲपवर कुणी ‘आम्ही गेलो, काही झालं नाही’ लिहिलं म्हणून निघू नका. पीसीटी असोसिएशनचं बंद टप्प्यांचं पान आणि वनखात्याचा मूळ आदेश, नकाशासकट, दोन्ही वाचा. आदेश मोडला तर 5,000 डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय तुम्हाला शोधायला जे हेलिकॉप्टर येतं ते आगीच्या कामातून काढलेलं असतं. मला दंडापेक्षा हे जास्त लागतं.

पाऊलखूण तुटू नये म्हणून हायवेने चालणं

सीमेपासून सीमेपर्यंत सलग पायीच जायचं, हा हट्ट मला कळतो. पण कडेला पाय ठेवायला जागा नसलेला घाटरस्ता, धुरात न दिसणारी वळणं आणि समोरून येणारे अग्निशमनाचे ट्रक, हे ट्रेलपेक्षा कितीतरी धोक्याचं आहे. गाडीने किंवा रेल्वेने टप्पा ओलांडा. ट्रेलजवळच्या डन्समुइर गावात कोस्ट स्टारलाइट ही रेल्वे थांबते. गाडी रात्री-बेरात्री येते, तिकीट आधी काढा.

धूर सोसून नेणं

कापडी रुमाल वणव्याचा बारीक धूर अडवत नाही; एन-95 मास्क अडवतो. हवेचा गुणवत्ता निर्देशांक (एक्यूआय) 150 च्या वर असेल तर मोठी चढण टाळा, दमा असेल तर थेट गावात उतरा. दऱ्यांमध्ये धूर रात्री खाली बसतो, त्यामुळे पहाट अनेकदा सगळ्यात वाईट असते.

कागदपत्रं आणि खोकी विसरणं

टप्पा गाळला की पुढे पाठवलेली खाण्याची खोकी चुकीच्या गावात पडून राहतात. प्रायॉरिटी मेलचं न उघडलेलं खोकं पोस्ट पुढच्या पत्त्यावर फुकट पाठवतं, पण त्यांना सांगावं लागतं. परमिटच्या अटीही पुन्हा वाचा. उत्तरेकडे उडी मारून उलट दक्षिणेला चालणार असाल तर कॅनडातून ट्रेलने अमेरिकेत येणं बेकायदा आहे. सीमेच्या अलीकडच्या हार्ट्स पास खिंडीपासून सीमेपर्यंत जाऊन तीच वाट परत यावं लागतं. भारतातून बी-2 व्हिसावर आलेल्यांनी आय-94 वरची, म्हणजे अमेरिकेत राहण्याच्या मुदतीच्या नोंदीवरची, तारीख पाहूनच असे फेरफार करावेत.

जळालेल्या पट्ट्यात निर्धास्त होणं

ट्रेल पुन्हा उघडला तरी उभी जळकी खोडं वाऱ्याने पडतात, तेव्हा त्यांच्याखाली तंबू नको आणि जेवणासाठी बसणंही नको. जमिनीखाली मुळं जळून पोकळ्या झालेल्या असतात, वरून नुसती राखेची साय. काठी आधी टेकवा, मग पाय.